खिडकीकडची बाजू

"अहो, परत कापलंत ना?" कुंडीवरून बोट फिरवत बायकोने विचारलं.

"मूळ होतं. सडलेलं." टेलरमास्तरांनी कात्री खिशात टाकली.

"मुळाचं टोक गोल असतं. हे चोचीसारखं होतं. फुलाचा दांडा होता तो."

"तुला काय गं दिसतंय एवढं!"

मास्तरांनी कुंडी उचलून कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली. कुंडीत माती नव्हतीच, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे. पांढरट पडलेली मुळं पाणी पिऊन हिरवी होईपर्यंत ते शेजारी बसून राहिले. मग कुंडी निथळवली, एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. आता बोला! ज्या ऑर्किडचे इतके लाड करायचे, त्याच्याच फुलावर कात्री चालवायची.

पण त्याला कारण होतं. हे झाड त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, सोन्याने, बोटीवर नोकरीला जाताना आईला आणून दिलं होतं. "याला फूल आलं की कळव, आई. असेन तिथून येतो," असं सांगून गेला. बापाशी मात्र कडाक्याचं भांडण करून गेला. चालतं शिवणकामाचं दुकान सोडून निघाला, म्हणून मास्तरांचं डोकं फिरलं होतं. "जा! परत तोंड दाखवू नकोस," असं ते भर दारात ओरडले होते.

ते शब्द त्यांनी कधी मागे घेतले नाहीत. फूल आलं की पोराला बोलवावं लागणार, आणि ती वेळच यायला नको, म्हणून दांडा दिसला रे दिसला की कात्री. शेजारीपाजारी म्हणायचे, म्हातारा पक्का हेकट.

दर रविवारी संध्याकाळी बायको मुलाला फोन लावायची. कानात यंत्र घालूनही तिला निम्मंच ऐकू यायचं. त्यात सोन्या घोगरं, तुटक बोलायचा. बोटीवर इंजिनाची घरघर असते ना, ती म्हणायची. जेवलास का, तब्येतीला जप, एवढंच बोलणं. "फूल नाही रे आलं अजून," असं ती सांगायची, आणि तो म्हणायचा, "घाई काय आहे, आई."

तिने फोन हातात घेतला की मास्तर मफलर गुंडाळून बाहेर जिन्यात जाऊन बसत.

"दोन शब्द बोला की हो त्याच्याशी."

"मला नाही बोलायचं," म्हणत ते दार ओढून घेत. काय म्हणावं अशा बापाला?

त्या थंडीत मास्तरांची कंबर धरली आणि ते अंथरुणालाच खिळले. झाडाचं पाणी बायकोकडे आलं. पलंगावरून त्यांना खिडकीतली कुंडी दिसायची, जाड हिरवी पानं दिसायची. दांडा काही दिसत नव्हता. त्यांना हायसं वाटायचं.

थंडी सरता सरता ते भिंत धरून चालायला लागले. त्या रविवारी बायको म्हणाली, "अहो, कुंडी जरा फिरवा."

त्यांनी फिरवली. खिडकीकडच्या बाजूला, काचेला टेकून, लांब दांडा वाकला होता. त्यावर पांढरी फुलं ओळीने उमलली होती.

"हे... कधी?"

"तुम्ही झोपून होतात तेव्हा. पानांआड ठेवलं होतं मी." तिने फोन उचलला. "आज सांगते त्याला."

"आज नको."

"का? फूल आलं की येतो म्हणाला होता."

"सुट्टी नाही मिळायची त्याला. ऐक माझं."

"तो काय ते सांगेल," म्हणत ती नंबर लावू लागली.

मास्तरांचे डोळे भरून आले. मफलर घेऊन, कंबर धरत ते जिन्यात गेले आणि दार ओढून पायरीवर बसले. त्यांच्या खिशातला दुसरा फोन वाजायला लागला. त्यांनी मफलर तोंडावर दाबला, आवाज घोगरा केला.

"बोल, आई."

पलीकडून कुंडी सरकवल्याचा आवाज आला.

"फूल आलंय," मग ती म्हणाली. "फार देखणं आहे. आपला सोन्या असता तर बघायला नक्की आला असता. तुम्ही तरी आत या आता, जिन्यात गारठा आहे."