दीड आटा

रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या पेंटबॉलच्या बंदुकीत स्क्रू बसतो त्या भोकात पाच आटे असायला हवेत. भिंगातून मला दीडच दिसला. बाकीच्या जागेत गम भरून दिराने स्क्रू कोंबला होता.

"भोकात नवे पोलादी आटे बसवायला तासभर लागेल, भाऊजी."

"वहिनी, बाहेर मैदानावर खेळायला आलेली पोरं ताटकळलीत. तुमची प्रयोगशाळा नंतर उघडा."

"याच स्क्रूवर हवेची बाटली टिकते. सुटली तर कुणाचा डोळा जाईल."

"मागच्या रविवारी सुटलीच की! कुठे काय झालं?"

हे मला आज कळत होतं, तेही त्याने हसत सांगितल्यावर. दोन वर्षं मैदान तो चालवत होता आणि घरात वाद नको म्हणून त्याने बिघडवलेलं मी निमूट दुरुस्त करत होते.

मी बंदूक उचलली आणि बाहेर पोरांच्या रांगेसमोर गेले.

"खेळ रद्द. मैदान माझ्या नावावर आहे आणि आज मी ते कायमचं बंद करतेय."