दिवसपाळी

रविवारी सकाळी ती रात्रपाळीहून आली, आणि तिच्या चपला निघायच्या आधीच नवऱ्याने दारात चार्ज दिला.

"दूध तापवून ठेवलंय. टाकी भरलीय. लेकीचा फोन आला होता, होस्टेलचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणते. बाकी ठीक."

"बरं," ती म्हणाली. चार्ज घेतला.

त्यांचं बोलणं हे एवढंच. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर दिवसपाळीला, ती रुग्णवाहिकेच्या फोनवर रात्रपाळीला. एक आला की दुसरा निघाला. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुम्ही दोघं एकत्र दिसलात की समजायचं, आज ग्रहण आहे. लेक लहान असताना घरात सतत कुणीतरी हवं, म्हणून रात्रपाळी तिने स्वतः मागून घेतली होती. सुटीच्या रात्री झोप यायची नाही, तेव्हा ती बाहेरच्या खोलीत लेकीपाशी पडून राहायची. आता लेक शिकायला परगावी गेली होती, तरी तिची ती सवय सुटली नव्हती.

"अहो, बसा जरा. साहेबांनी विचारलंय. नव्या मुलींना फोन घ्यायला शिकवायचं. दहा ते पाच. रविवारी सुटी. दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

येताना रस्ताभर तिला हसू आवरत नव्हतं. शिकवायची तिला मनापासून हौस. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पत्ता कसा काढायचा, ओरडणाऱ्याला बोलतं कसं ठेवायचं, हे तुमच्याइतकं कुणाला जमत नाही, असं साहेब स्वतः म्हणाले होते. आणि वर संध्याकाळी चारचौघांसारखं घरी. असं काम मिळायला नशीब लागतं.

"छान झालं," तो म्हणाला.

छान झालं! कुणी गेल्याची बातमी ऐकली तरी माणूस याहून बऱ्या तोंडाने बोलतो.

"इतकंच?"

"नाही, चांगलंच आहे की. पण रात्रपाळीचं तरी काय वाईट चाललं होतं?"

रात्रभर लोकांची रडारड कानांनी झेलणारी बाई ही, पण हे वाक्य तिला झेलता आलं नाही.

"मी घरात नकोय का तुम्हाला?"

"काहीतरीच काय बोलतेस!" तो टेबलावरचा पेला गोल गोल फिरवत राहिला. "तू घरात असलीस की काय करायचं असतं, तेच मला येत नाही गं. भीती वाटते. आपलं कधी भांडण झालं नाही, लोक नावाजतात. पण भांडायला आपण घरात होतो कुठे?"

तिला राग आला. उठून भांडी आपटावीत असा राग. पण खरं सांगायचं तर जिना चढताना तिलाही हेच वाटलं होतं. दहा ते पाच, उत्तम. पण पाचनंतर काय? दूध, टाकी, लेकीचा फोन, एवढं सांगून झाल्यावर या माणसाशी बोलायचं काय?

पण तिला कामावरची एक सवय होती. समोरचा गप्प झाला की आपण फोन ठेवायचा नाही.

"हे बघा, आधीच हातपाय गाळू नका. आज तुम्हाला सुटी आहे ना? चला, झोपू दोघंही."

"सकाळी आठ वाजता?"

"माझी रात्रच आहे ही."

"मला झोप यायची नाही."

"मग नुसते पडा. नवरा-बायको पडतात तसे."

दोघांनाही हसू आलं. आणि लगेच दोघंही लाजले, या वयात, स्वतःच्या घरात.

आत तिने पडदे ओढले. नेहमीसारखी खिडकीच्या बाजूला गेली, तर तोही तिथेच आला. पलंगाच्या एकाच कडेला दोघं समोरासमोर.

"तुम्ही तिकडे जा ना," ती म्हणाली. "ही माझी बाजू आहे."

"तुझी कशी? मी रोज इथेच झोपतो."

"मीही इथेच झोपते."

दोघांनी खाली पाहिलं. तिने रात्रपाळी घेतली त्या वर्षी आणलेली गादी. खिडकीकडच्या अर्ध्या भागाला चांगला खोल खळगा पडला होता, एका माणसापुरता. दोघांनी मिळून पाडलेला, आणि तिथे दोघं एकत्र कधीच नव्हते. पलीकडचा अर्धा भाग दुकानातून आणला तसा ताठ होता.

तिला एकदम रडू आलं. त्याचा हात तिच्या खांद्याकडे आला आणि मध्येच थांबला, ठेवावा की नाही हे त्याला ठरवता आलं नाही.

"मी जातो पलीकडे," तो म्हणाला. पण गेला नाही.

"राहू द्या, मी जाते," ती म्हणाली. तीही हलली नाही.

त्याने वाकून पलीकडच्या गादीवर तळहात दाबून पाहिला. पुन्हा जरा जोराने दाबून पाहिला.

"फार कडक आहे गं."

तिने पदराने डोळे पुसले.

"मग साहेबांना काय सांगू?"