दाराशी मांडलेलं ताट

बकुळाबाईनं आपलं ताट, वाटी आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि ती जाऊन दाराशी बसली.

"आजी, तिकडं काय बसलीस? इकडं ये ना," प्रीती म्हणाली. शौचातून रक्त जाऊन जाऊन नातीचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

"तू गप जेव. आजपासून माझं सगळं वेगळं. डाक्टरीण काय बोलली, ऐकलंस ना?"

सकाळी दोघी वरळीहून परळला इस्पितळात गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईनं दोघींचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. नातीच्या आतड्यात जे जंतू, तेच आजीच्याही. त्यांच्या अंगावर कसलंसं प्रोटीन असतं. आजीचं शरीर त्याला घरचं मानतं. नातीचं शरीर त्याला दुश्मन समजून त्याच्यावर तुटून पडतं, आणि त्या मारामारीत आतडंच सोलून निघतं. बकुळाबाईनं ऐकलं सगळं, धरलं एकच. जंतू माझे.

"तुला दात नव्हते तेव्हा घास मी चावून भरवलाय. तुझी आई नको नको करायची, तर तिलाच झाडली मी."

"अगं, ते सगळ्यांच्याच पोटात असतात. चांगले असतात. माझंच शरीर उगाच भांडतंय त्यांच्याशी."

"चांगले, तर भांडण कशाला? आणि भांडण जंतूशी, तर रक्त तुझं का?"

"ते डॉक्टरांनाही अजून पुरतं कळलेलं नाही."

"त्यांना कळंना आणि मला शिकवतेस! म्हणे प्रोटीन. ते तर डाळीत असतं. डाळीनं कुणाची आतडी फाटली गं?"

प्रीतीनं ताट पुढं सारलं. "तू तिथं बसणार, तर मी नाही जेवत."

"जेव म्हणते ना! काडी झालीस सुकून." आवाज चढला, पण बाईची नजर काही ताटातून वर येईना.

तेवढ्यात तिचा लेक राजरत्न कामावरून आला. "जयभीम आये," म्हणत चपला काढायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. दाराशी आई. पुढ्यात तिचं एकटीचं ताट. तांब्यासुद्धा वेगळा.

"आये, तुला कुणी बसवलं इथं?"

त्याचा आवाज असा काही निघाला, की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

कुणाला उत्तर द्यायला बकुळाबाईला जन्मात कधी वेळ लागला नव्हता. तिनं हातातला घास खाली ठेवला. परत उचलला.

"कुणी नाय रे," ती म्हणाली. "मीच."