खाटेखालच्या वाट्या

चपलेचा फटका चुकला आणि गोम सरसर खाटेखाली गेली. आई गुडघ्यांवर बसली, गाल फरशीला टेकवून खाली पाहू लागली. खाली अंधार होता, ओल होती, आणि खाटेच्या चारही पायांखाली सासूबाईंनी ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या होत्या. गोम दिसत नव्हती.

वर खाटेवर टिचकी पडून होती. खरं नाव वेगळंच, पण गळ्याला भोक पाडून नळी बसवल्यापासून पोरीचा आवाज बाहेर येत नव्हता. काही हवं असलं की ती उशाशी ठेवलेल्या पेल्यावर नखाने टिचकी मारायची, म्हणून घरात सगळ्यांच्या तोंडी टिचकीच बसलं. श्वास नाकातोंडाने नाही, त्या नळीतून चालायचा. नळीवर जाळीचा फडका बांधावा तर घटकाभरात तो कफाने ओला होई, आणि जीव घुसमटला की ती ओढून काढी.

लोक गोम कानात जाईल म्हणून घाबरतात. आईला कानाचं काही वाटत नव्हतं. तिची नजर त्या नळीच्या उघड्या तोंडावरून हलत नव्हती.

सकाळी औषध फवारणारा येऊन गेला होता. टिचकीला पाहिलं आणि खांद्यावरचा पंप खाली न ठेवताच म्हणाला, इथं फवारायचं माझ्याच्याने होणार नाही, वहिनी. ओल घालवा, गोमी आपोआप जातील. आणि दवाखान्यातल्या नर्सने तर बजावून ठेवलं होतं की खोली कोरडी पडू द्यायची नाही. कफ वाळला की नळी तुंबते, आणि नळी तुंबली की पुढे धावपळीलाही सवड मिळत नाही. म्हणून उशाशी वाफेचं यंत्र अखंड फुसफुसत होतं आणि भिंतींना घाम सुटला होता. आईने मोरीचं भोक चिंध्यांनी बुजवलं, फटीत चुना भरला, गाद्या उन्हात टाकल्या. गोमी येतच होत्या. त्याचंही खरं, तिचंही खरं, आणि मधल्या मध्ये आई.

सासूबाई तांब्या घेऊन आत आल्या. वाट्यांतलं पाणी खाली गेलं की त्या न चुकता भरत. दुधातुपाच्या कपाटाच्या पायांखाली अशाच वाट्या ठेवून त्यांनी जन्मभर मुंग्यांना लांब ठेवलं होतं. नातीच्या खाटेपर्यंत पोचायची कुणाची बिशाद आहे, असं त्या म्हणत.

"ऊठ गं, गुडघे फोडून घेशील," त्या म्हणाल्या. "चपलेच्या आवाजाने गोमी पळायच्या असत्या, तर तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यानेच पळाल्या असत्या."

टिचकी हसली. तिचं हसू म्हणजे नळीतून येणारी बारीक शीळ. आईला मात्र हसू येईना.

"मी झोपत नाही हो," ती म्हणाली. "माझा डोळा लागला आणि ती आत शिरली, तर हिला ओरडतासुद्धा यायचं नाही."



पेल्यावर टिचकी वाजली. आईने पाण्याचा चमचा पुढे केला, तर पोरीने तोंड फिरवलं. मग तिने नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. तसं केलं की एखाददुसरा शब्द वर चढून ओठांपर्यंत यायचा. पण तेवढा वेळ श्वास बंद. आई घाईने पुढे झाली. नको गं, दमशील.

"त्या चावायला नाही येत," टिचकी म्हणाली. कागद फाटल्यासारखा आवाज. बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा ठेवलं. "पाणी प्यायला येतात. मी रोज बघते."

दिवसभर कुशीवर पडून खाली बघण्याशिवाय तिला दुसरं काम नव्हतं.

आई वाकली. गुडघे धरत धरत सासूबाईही वाकल्या. भिंतीकडच्या वाटीच्या काठावर गोम होती. पायांची सगळी रांग शांत, तोंड पाण्याला लागलेलं. शेजारी दोऱ्याएवढं तिचं पिल्लू. सासूबाईंच्या हातातला तांब्या कलला, पाणी फरशीवर सांडलं. त्यांनी ते घाईघाईने पदराने टिपलं, आणि फरशी कोरडी झाली तरी टिपत राहिल्या.

"मीच पाणी पाजत होते की," त्या म्हणाल्या.

आईने खाटेचा एकेक पाय उचलून धरला. सासूबाईंनी वाट्या काढल्या, बाहेर ओतल्या, पुसून कोनाड्यात पालथ्या घातल्या. आईने फरशी कोरड्या फडक्याने पुसली, परत पुसली, पायांभोवती चुन्याची पूड टाकली. आता खोलीत पाणी उरलं ते फक्त यंत्रातलं. त्याची वाफ पोरीच्या गळ्याशी जात होती.

पेल्यावर टिचकी वाजली. बोट नळीवर होतं.

"आई, आता माझ्याकडे येतील?"

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं, मग सुनेकडे. आईने कोनाड्यातली एक वाटी उचलून सुलटी केली, काठोकाठ भरली, आणि न हिंदकळू देता उंबऱ्यापलीकडे, मोरीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. परत येऊन ती उंबऱ्यावर बसली, खाटेकडे पाठ करून. चप्पल मांडीवर होती.

"इकडे या," ती अंधाराकडे बघत हळूच म्हणाली. "पाणी इकडे आहे."