हक्काचे दहा दिवस

“तारखेत खाडाखोड आहे,” रजा-विभागातल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र खिडकीतून परत सरकवलं.

“डॉक्टरांनीच केलीय. शेजारी त्यांची सही आहे, बघा.”

बाईंनी चष्मा वर सारून पाहिलं. सही होती.

खिडकीपलीकडे छापखान्यातला मशीनमन उभा होता. शर्ट अंगात लोंबत होता. बारा दिवसांची वार्षिक रजा घेऊन तो समुद्रकाठी निघाला आणि गाडीतून उतरल्या उतरल्या टायफॉइडनं आडवा झाला. दहा दिवस तिथल्याच दवाखान्यात काढून परतला. आता त्याचा अर्ज होता, की हे दहा दिवस आजारपणाच्या रजेत धरावेत आणि हक्काची रजा परत मिळावी.

नियमात तशी सोय होती. पण ती कोणाला मिळाल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. कागदांत काही ना काही कमी निघायचंच.

रांगेत मागे ड्रायव्हर उभा होता. गेल्या महिन्यात बाईंनी त्याचा असाच अर्ज एका शिक्क्यावाचून परत पाठवला होता. तो कान टवकारून ऐकत होता. काचेच्या केबिनमधून मॅनेजरचंही लक्ष होतं. सकाळीच त्यांनी बाईंना बजावलं होतं, “या अर्जात कानामात्रा इकडची तिकडे नको. लोक बघतायत.”

“आजारी पडल्याचं कामावर कळवलंत?”

“बायकोनं फोन केला. दुसऱ्याच दिवशी.”

“मी तेव्हा इथं नव्हते. नोंद बघावी लागेल.”

नोंदवहीत फोरमननं फोनची वेळ लिहून सही केलेली होती. बाईंनी तारीख उतरवून घेतली.

“निघण्याआधी अंगात ताप होता?”

मशीनमननं रुमालानं कपाळ पुसलं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

“होता. दोन दिवस कणकण होती. घरी बोललो नाही. सहा वर्षांनी कुठं बाहेर पडणार होती बायको. तिचा हिरमोड झाला असता.”

बाईंचं पेन थांबलं.

“सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“त्यानं रजा जाते का?”

“नाही. प्रमाणपत्राच्या तारखेपासूनच धरतात.” त्या कागदाकडे बघूनच बोलत होत्या. “पण सांगायला हवं होतं.”

“मेलेल्या माणसालाही मेल्याची वेळ विचारतील या,” ड्रायव्हर मागून पुटपुटला.

“एक विचारू?” मशीनमन म्हणाला. “माझी बायकोही नोकरी करते. तिची सगळी रजा माझ्या उशाशी गेली. ती परत मिळते?”

“नाही. जो आजारी पडतो त्याचीच मिळते.”

“पण समुद्र तिनंही नाही पाहिला.”

“नियमात समुद्र नाही.”

“म्हणजे पुन्हा जायचं तर मी एकट्यानं जायचं?”

“तो तुमच्या घरचा प्रश्न आहे.”

रांगेत कोणीतरी हसलं. मशीनमन हसला नाही.

बाई अर्ज घेऊन केबिनमध्ये गेल्या. मॅनेजरनी एकेक पान पालथं करून पाहिलं.

“तुमची खात्री आहे?”

“माझ्या खात्रीचं सोडा, साहेब. कागद बघा.”

मॅनेजरनी पुन्हा पहिल्यापासून कागद बघितले. मग सही केली.

खिडकीशी येऊन बाईंनी शिक्का मारला. तो आवाज रांगेच्या शेवटपर्यंत गेला. छापखान्यात कोणाची तरी रजा पहिल्यांदाच परत आली होती.

“तुमचाही अर्ज परत आणा,” बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. “शिक्का कुठं मिळतो ते लिहून देते.”

ड्रायव्हर घाईघाईनं पुढे सरकला.

मशीनमननं आपली प्रत घडी करून खिशात ठेवली. चार पावलं गेला आणि परत फिरला. ड्रायव्हरच्या खांद्यावरून खिडकीत वाकून तो हळूच म्हणाला,

“घराची किल्ली दे ना. सकाळी तुझ्याच पर्समध्ये राहिली.”