भंगार शेगडी

कॅनडातल्या सॅस्कॅचवानच्या ऐन थंडीत नेटीबाईंच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी जुनी फर्नेस बंद पडली, तेव्हा नवी विकायला गावातलाच विक्रेता कर्टिस टाय लावून आला. बैठकीतली लाकडं जाळायची लोखंडी शेगडी बघून त्यानं नाक मुरडलं.

“आजी, हे भंगार अजून बाळगलंय? नवी फर्नेस बसली की घर आपोआप गरम. शेगडी मी फुकट उचलून नेतो. तुमच्यावर उपकार म्हणून!”

“आजी असेल तुझ्या घरी,” नेटीबाई फणकारल्या. पण लाकडं फोडून खांदे भरून आले होते. त्यांनी फर्नेस घेतली, शेगडी देऊन टाकली.

जानेवारीत हिमवादळ ओसरलं तरी गावाची वीज काही येईना, आणि विजेवाचून नवी फर्नेस मुकाट गार पडली. अख्ख्या गावात एकाच धुराड्यातून धूर निघत होता. नेटीबाई कोटावर कोट चढवून धुराच्या रोखानं निघाल्या.

दार कर्टिसनंच उघडलं, बनियनवर, घामेजलेल्या तोंडानं. त्याच्यामागे बाईंची शेगडी ढणाढणा पेटली होती.



त्याला बाजूला सारून नेटीबाईंनी शेगडीपुढे खुर्ची ओढली आणि त्या म्हणाल्या, “वीज येईपर्यंत मी इथंच राहते हो. तुझ्यावर उपकार म्हणून!”