शकुनाची चांदणी

शेवटची घंटा झाली आणि उत्तरपत्रिका मिटताना तिची नजर मुखपृष्ठावरच्या बारीक छापील सूचनांवर गेली. ‘उत्तरांत कोणतीही ओळखखूण आढळल्यास उत्तरपत्रिका बाद होईल.’ प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर तिने छोटीशी चांदणी काढली होती. शकुनाची ही सवय दादाने लावलेली. सूचना वाचण्यात वेळ दवडू नकोस, हेही त्यानेच बजावलेलं. “सर, एवढं खोडू द्या ना,” ती काकुळतीला आली. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका ओढून गठ्ठ्यात घातली. फाटकाशी दादा उभा होता. प्रशासकीय सेवेच्या याच परीक्षेत सगळ्या संधी संपवून बसलेला, ‘माझं चुकलं कुठे?’ असं अजूनही झोपेत बरळणारा दादा. “चांदणी काढलीस ना?” त्याने विचारलं. “मी एकदाही चुकवली नव्हती.” तिने हातातलं पेन पिशवीत टाकलं. “विसरले रे.”